कोरा

मुलीने काचेचा बीकर बाबांच्या टेबलावर परत ठेवला. ती तो प्रयोगशाळेत घेऊन गेल्यापासून त्यातली पेनं टेबलावर आडवी पडून होती. त्या प्रयोगशाळेत एकेकाळी बाबा होते, आता ती होती.

बाबांपुढे पुस्तकाची मुद्रितं पसरली होती. संध्याकाळी ती छापखान्यात पाठवायची होती. मागच्या टेकडीतला काळा दगड समुद्राच्या तळाशी साचला, हे त्यांनी तरुणपणी दाखवून दिलं होतं आणि सगळं पुस्तक त्यावर उभं होतं. पाहुणा खुर्चीत टेकायच्या आत ते त्याला सांगत, तुम्ही आत्ता समुद्रात आहात. आई म्हणे, अहो, आधी चहा पिऊ द्या, मग बुडवा.

पुरावा बोरॉनचा होता. खाऱ्या पाण्यात बसलेला चिखल बोरॉन धरून ठेवतो, गोड्या पाण्यातला फारसा नाही. बाबांना ते भरपूर मिळालं होतं. नव्या आवृत्तीसाठी मुलीने तेच नमुने प्लॅस्टिकच्या भांड्यांत पुन्हा तपासले आणि बोरॉन अगदीच किरकोळ निघालं. तिने तसं सांगितलं.

बाबांनी मान वर केली नाही. "कोरा चालवलास?"

कोरा म्हणजे दगड न घालता केलेली चाचणी. रसायनं तीच, आच तीच, फक्त दगड नाही. कोरा चालवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"दोन चालवले. प्लॅस्टिकमधल्यात काही नाही. दुसरा ह्या बीकरमध्ये, तुमच्या जुन्या पद्धतीने."

"मग?"

"समुद्र आला, बाबा."

ह्या काचेतच बोरॉन असतं. सोड्याबरोबर उकळलं की ते द्रावणात उतरतं. दोघांपैकी कुणालाच हे सांगायची गरज नव्हती.

"कोरा मी फार नंतर शिकलो," बाबा म्हणाले.

आई चहा घेऊन आली होती. ती कप धरून दारातच थांबली.

बाबांनी खिडकीतला काळा दगड उचलला, सवयीने जिभेने ओला केला आणि उजेडात तिरपा धरला. केसासारखे बारीक थर, एकावर एक, कुठेही न विसकटलेले. ते बराच वेळ पाहत राहिले.

"तळं खोल असणार. त्याशिवाय खालचा चिखल इतका शांत बसत नाही."

मग त्यांनी एकेक करून पेनं बीकरमध्ये ठेवली. लाल तेवढं हातात राहिलं. त्यांनी मुद्रितं स्वतःकडे ओढली.

"आणि मुखपृष्ठावर लाटा काढल्यात, त्यांचं काय?" आईने विचारलं.

बाबांनी पेनाचं टोपण काढलं.

"राहू दे. तळ्यावरही येतात."