ईदनंतरचा पहिला दिवस

ईदची सुट्टी संपवून आम्ही बायका मोनास्तीर शहरातल्या शिवणकारखान्यात परतलो, तर हॉल रिकामा. सुट्टीतच मालकाने मशिनं बोटीवर चढवली होती. दुसऱ्या देशात त्याला आमच्याहून स्वस्तात शिवणाऱ्या मिळाल्या होत्या. जमिनीवर मशिनांच्या जागी नुसते तेलाचे डाग. नजात खोकं ओढून आपल्या डागापाशी बसली. "वेड लागलं का गं?" मी विचारलं. "मग कुठं बसू? लग्नाआधीपासून इथंच बसतेय." हळूहळू सगळ्याच आपापल्या जागी बसल्या. "नजात, कॉलर वाकडी गेली बघ!" जोहरा ओरडली. आम्ही हसलो. मग दिसलं, प्रत्येकीचा उजवा पाय नसलेलं पेडल दाबत होता. माझाही. थांबवला तरी थांबेना. कुलूप लावायला आलेले रखवालदार बशीरचाचा दारातच थबकले. तेवढ्यात धापा टाकत हलीमा आली. "चाचा, उशीर झाला! सोडा ना आत." चाचा बाजूला झाले. "जा पोरी. काम सुरू झालंय."