मूठ आवळा, काका

थकवा हा सुशिक्षित समाजापुढचा आजचा सर्वांत गंभीर प्रश्न आहे, असं केयूरने रविवारी जेवताना जाहीर केलं आणि मसालेभात दुसऱ्यांदा वाढून घेतला. त्याने ऑफिसात आठवड्याची रजा मागितली होती. कारण म्हणून ‘बर्नआउट’ असंच लिहिलं होतं.

"आमच्या बँकेतही यायचा थकवा," त्याचे वडील अनंतराव म्हणाले. "साडेपाचला यायचा. पावणेसहाला घरी पोचलो की जायचा."

स्वराली हसली नाही. सरकारी रुग्णालयात एम.डी. करणारी त्यांची मुलगी शुक्रवारी सकाळी ड्यूटीवर गेली होती, ती आत्ता आली होती. अंगातला ॲप्रनही तसाच. ताटासमोर बसल्याबसल्याच तिचा डोळा लागला होता.

"स्वराली, वरण गार होतंय." अनंतरावांनी तिच्या हातावर हात ठेवला.

तिने डोळे अर्धवट उघडले. त्यांचा हात सरळ केला, ॲप्रनच्या खिशातून सुई, बाटली आणि रबरी पट्टा काढला आणि पट्टा दंडाला बांधला.

"मूठ आवळा, काका. मुंगी चावल्यासारखं होईल."

"ए ताई, काय करतेस?" केयूर उठला.

"नातेवाईकांनी बाहेर थांबा."

केयूर निमूटपणे गॅलरीत गेला.

सुई पहिल्या फटक्यात शिरली. अनंतरावांनी हात हलवला नाही. हलला असता, तर तिला लागलं असतं.

"नाव?"

"अनंत साठे."

"सोबत कोण आहे?"

ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"मुलगी आहे. डॉक्टर आहे."

"मग ती कुठे गेली? बोलवा तिला. सही लागेल."

तिने कापूस दाबला, रक्ताची बाटली लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली आणि टेबलावर डोकं टेकलं. मसालेभात तसाच राहिला. केयूरचासुद्धा.

चारला वॉर्डातून फोन आला. स्वराली उठली, तोंडावर पाणी मारलं. चपला घालताना तिला वडिलांच्या हातावरचा कापूस दिसला.

"बाबा, रक्त कुणी घेतलं तुमचं?"

अनंतरावांनी बाटली सदऱ्याच्या खिशात खाली ढकलली. "लॅबची एक मुलगी आली होती."

स्वरालीने कापूस उचलून पाहिलं.

"हात चांगला आहे तिचा. काळंनिळं नाही पडलेलं." आणि ती जिना उतरून परत ड्यूटीवर गेली.

तेवढ्यात केयूरचा फोन वाजला. रजा मंजूर झाली होती. भरपगारी.