विझलेलं धुरांडं

करवतीखाली समुद्रतळावरच्या धुरांड्याचा दगड दुभंगला आणि प्रयोगशाळाभर सडक्या अंड्यांचा वास पसरला. दगड कापणारे गवसकाका नाक दाबत म्हणाले, "मॅडम, मेलेल्या धुरांड्याला एवढा वास?"

खाणीसाठी समुद्रतळ तपासणाऱ्या शाल्मलीला हसू आलं नाही. समुद्रतळातून उकळतं पाणी उसळतं, थंड पाण्याला भिडून काळ्या धुरासारखं दिसतं, आणि त्यातलं लोखंड नि गंधक एक होऊन पायराइटचे सोनेरी कण धुरांड्याच्या भिंतींवर चढत जातात. त्या उबेवर हजारो जीव जगतात. पाणी आटलं की जीव जातात, समुद्र पायराइटला गंजवतो, आणि मगच तिथे खाणीला परवानगी मिळते. कॅमेऱ्यात धूर दिसला नाही, एवढ्यावरच तिने महिन्यापूर्वी अहवालात 'कायमचं विझलेलं' असं लिहून सही ठोकली होती. वरिष्ठांना घाई होती. नमुना कापून बघायलाही ती थांबली नव्हती.

दगडाची बाहेरची बाजू गंजून तांबूस झाली होती. आतली पोकळी मात्र नुकत्याच घासलेल्या पितळी तांब्यासारखी लखलखत होती.

"काका, हे ताजं आहे." तिने तुकडा दिव्याखाली धरला. "त्या धुरांड्यात पाणी वाहतंय अजून."

तिने खाणीच्या जहाजावर फोन लावला. "सावर्डेकर, ड्रिल थांबवा!"

"ते तर सकाळीच उतरवलं, मॅडम." जहाजावरच्या सावर्डेकरांचा आवाज गोंधळलेला होता. "तुम्हीच विझलंय म्हणालात ना? मग कॅमेऱ्यात हा काळा धूर कसला?"