खजुराची परीक्षा

रुकय्याने दात गच्च मिटून घेतले होते. आईने ओठाशी लावलेली वाटी कलंडली आणि अर्धं पाणी चटईवर सांडलं.

नऊ वर्षांची पोर. सकाळपासून उलट्या-जुलाबांनी पार पिळून निघाली होती. डॉक्टर मुंबईला गेलेला, त्याची लाँच मोऱ्याच्या बंदराला लागणार संध्याकाळी. कंपाउंडर सांगून गेला होता, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, नाहीतर पोर हातची जाईल. आणि पोरीचा रोजा होता.

शेवटी तिची आई हाजराबी धावत जाऊन मदरशातल्या उस्तादांना घेऊन आली. "तुमीच सांगा तिला. माजं आयकत नाय," ती रडत म्हणाली.

उस्ताद चटईवर बसले. "पोरी, आजाऱ्याला रोजा माफ असतो. पी."

रुकय्या क्षीण हसली. "तुमी परीक्षा घेता. खजुराची."

मागच्याच आठवड्यात उस्तादांनी रोजा ठेवणाऱ्या एकेका पोराला आतल्या खोलीत बोलावलं होतं. हातावर खजूर ठेवून म्हणाले होते, "खा, तुला माफ आहे. कोणी बघत नाही." सहा जणांनी खाल्ला. त्या सहाही जणांना त्यांनी सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं, "तू हरलास." एकट्या रुकय्याने खजूर परत दिला होता. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले होते, "रोजा असा ठेवावा. उस्तादाने सांगितलं तरी सोडू नये." आपल्या या युक्तीवर ते आठवडाभर खूश होते.

"ती परीक्षा होती गं. आज खरं सांगतोय."

"तवा पन असंच बोललेलात."

हाजराबीने त्यांचे पाय धरले. कळत्या वयापासून उस्तादांचा एकही रोजा सुटला नव्हता. बाहेर अजून कडक ऊन होतं. त्यांनी वाटी उचलली आणि रुकय्याच्या डोळ्यांदेखत दोन घोट प्यायले.

"बघ, मी सोडला. आता तू सोड. माझ्यासाठी तरी."

उरलेलं पाणी त्यांनी पुढे केलं.

रुकय्या त्यांच्या ओल्या दाढीकडे बघत राहिली. तिला फार वाईट वाटलं असावं.

"उस्ताद," ती हळूच म्हणाली, "तुमी हरलात."

आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.