दाराला माहीत असलेलं नाव

मनगटातल्या चिपचा नंबर वाचून दाराने शर्वरीला आजही बाहेरच ठेवलं. तिने वैतागून भाजीच्या पिशव्या पायरीवर आपटल्या.

आत तिचा नवरा निनाद घरच्या सर्व्हरशी झटत होता. दारावरच्या स्पीकरमधून तो म्हणाला, "लग्नात तुझं नाव ईशानी ठेवलं, ते मी लगेच सर्व्हरवर चढवलं. ईशानीचा नंबर विचारला तर तो तुझाच सांगतो. पण तुझ्या नंबरावरून नाव विचारलं की अजून शर्वरीच म्हणतो. दोन्ही जुळल्याशिवाय दार उघडत नाही. ती उलटी नोंद बदलायची राहिली. थांब जरा, ईशानी, आत्ता बदलतो."

"त्या नोंदीला हात लावू नकोस," ती म्हणाली. "या घरात मी कोण ते तेवढीच ओळखते. तू चढवलेलं नाव काढ."