नवरदेवाची अंघोळ

लिकोन पारधी हात धुऊन मागे लागला, तशी मिर्तो जीव तोडून पळाली आणि काठाशी येऊन तिनं बापाला हाक मारली. बाप म्हणजे प्रत्यक्ष नदीदेव. त्यानं पोरीचं तिथल्या तिथं पाणी केलं आणि खडकातल्या कुंडात ठेवलं.

"आता बघू, कोण हात लावतो माझ्या लेकीला!" तो दाढीवरून हात फिरवत म्हणाला.

"मोठा देव!" मिर्तोची आई फिलिन्ना कडाडली. "त्या मेल्याचा बेडूक करायचा सोडून पोरीचं पाणी केलंस?"

"सुखरूप आहे ना ती?"

फिलिन्ना कुंडापाशीच बसून राहिली. थंडी सरता सरता गावातल्या बायका गात गात आल्या. लग्नाआधी नवरदेवाला कुंडाच्या पाण्यानं न्हाऊ घालायची त्या गावची रीत होती.

"कुणाचं गं लग्न?"

"आमच्या लिकोनचं, मावशी! घागरी आणल्यात, पण तो कसला ऐकतोय! म्हणतो, उतरूनच न्हाणार."

लिकोननं हसत कुंडात उडी घेतली.

"पळ गं, मिर्तो!" फिलिन्ना किंचाळली.

पाणी चहूबाजूंनी खडकावर आपटलं आणि परत त्याच्याच अंगाला येऊन भिडलं.