चार पिढ्यांचं नाक

"बाबा, तुम्हाला खरंच वास येतो, की सगळ्या थापा?"

बाराच्या बारा पाहुणे वळून लेकीकडे पाहू लागले. मागच्या बाकावर तिच्या मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत होत्या. सगळ्यांसमोर विचारून दाखव, अशी पैज त्यांनीच लावली होती. त्यातली चष्मिश तर तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

बाबाही हसले. "फाटकावरची पाटी वाचलीत ना? 'चार पिढ्यांचं नाक'. पाचवं हे असं आगाऊ निघालंय!"

पाहुणे खूश. खिडकीतून द्राक्षमळ्याचे तीन भाग दिसत होते: नदीकाठ, उतार, टेकडी. कुठल्या पेल्यातली वाइन कुठल्या भागातली, हे बाबा नुसतं हुंगून सांगायचे. त्यासाठीच तर लोक एवढा घाट चढून येत. सुटीच्या दिवशी तीही बाबांशेजारी उभी राहायची. थेंबभरही न पिता, नुसतं हुंगून, त्यांच्याआधी सांगायची.

पेले रोज आई मांडायची. आज हिने तिच्या हातातला ट्रेच ओढून घेतला. "आज मी!" आणि पेला टेबलावर ठेवला, झोपलेल्या बाळाला ठेवावं तितका अलगद.

बाबांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग आईकडे पाहिलं.

"बोटांचे डाग पडलेत गं," आई घाईने म्हणाली. तिने पेला उचलला, बाहेरून पुसला आणि खाली ठेवला. तळ दोनदा वाजला.

"उतार!" बाबा म्हणाले. "पिकलेलं आलुबुखार. शेवटी किंचित धूर."

टाळ्या पडल्या. पैज ती जिंकली होती, पण तिची नजर पेल्याच्या तळावरून हलेना. नदीकाठ एकदा, उतार दोनदा, टेकडी तीनदा. बाबा ते मोजतात, हे तिला आज कळलं.

संध्याकाळी बाबा आणि ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. गॅसकडे दोघांची पाठ. आई मळ्यातून धावत आली.

"फाटकापर्यंत वास सुटलाय! घरात दोन-दोन नाकं, आणि दूध करपलं!"

आईने गॅस बंद केला.

"बाबा, कधीपासून?" लेकीने विचारलं.

बाबा हातातली शेंग उगाचच दाबत राहिले. "तू जन्मलीस त्या वर्षी ताप आला होता. त्यात नाक गेलं. डॉक्टर झाले, औषधं झाली. तेव्हापासून तुझी आई पेले वाजवते आणि मी आजोबांनी शिकवलेलं पाठ म्हणतो."

"आणि उद्याची परीक्षा?"

"उद्या वाइन मंडळाची माणसं येणार. ओतणार तेच, पेले ठेवणार तेच. माझा तिथे निभाव लागायचा नाही. म्हणून तर तुला पुढे करतोय. तू ओळखलंस की पाटी राहिली. नाहीतर उतरवतील." त्यांनी शेंग खाली ठेवली. "इतकी वर्षं तुझ्याच भरवशावर काढली गं. लहानपणापासून तू एकदाही चुकली नाहीस."

आई पाठमोरी पातेलं घासत होती. करपलेला थर काही केल्या निघत नव्हता.

ती उठली. वर्गात भाषणाला उभी राहायची तशी, ताठ.

"उद्या मी बसणार नाही," ती म्हणाली. "मला कधीच कसलाच वास आलेला नाही. आई, बाबांसाठी तू वाजवायचीस ना, ते मीही मोजायचे."